लायब्ररी नवी, अर्ज रिकामे

एका प्रवेश-अर्जाच्या पानावर विषय निवडायची यादी होती. एकाहून जास्त विषय निवडता येत. एकही न निवडता 'पुढे' दाबलं तर लाल अक्षरांत सूचना येई. ती तपासणी मीच लिहिलेली, एका ओळीची: यादीची व्हॅल्यू घ्यायची, ती नसेल तर अडवायचं. पाच वर्षं ती ओळ इमानानं चालली. मग मी जेक्वेरी २.२.४ काढून ३.७.१ बसवली. पानं उघडून पाहिली, मेनू उघडमीट करून पाहिले, तारखेचं कॅलेंडर चाललं, कन्सोलमध्ये लाल ओळ एकही नाही. बदल सर्व्हरवर चढवला आणि निर्धास्त घरी गेलो. आठ दिवसांनी कार्यालयातून फोन आला. "सर, चाळीसएक अर्जांत विषयच नाहीत. पोरांनी भरले नाहीत की तुमच्याकडून गेले?"

झालं होतं असं. अशा यादीत काहीच निवडलेलं नसेल तर जेक्वेरीची 'व्हॅल' मेथड पूर्वी 'नल' परत द्यायची. जून २०१६ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून ती रिकामा ॲरे देते. माणसाच्या लेखी दोन्हींचा अर्थ एकच, काही निवडलेलं नाही. जावास्क्रिप्ट मात्र 'नल'ला खोटं समजते आणि ॲरेला, मग तो रिकामा का असेना, खरं समजते. त्यामुळे माझी 'नसेल तर अडव' ही अट त्या दिवसापासून कुणालाच अडवत नव्हती. एरर येणार कुठून? प्रत्येक ओळ व्यवस्थित चालत होती. माझ्या प्रश्नाचं उत्तर तेवढं बदललं होतं.

अपग्रेडनंतरचे बिघाड दोन जातींचे. काही ओरडतात: पान पांढरं पडतं, कन्सोल लाल होतो, बटण दाबलं तरी ढिम्म हलत नाही. काही मुके असतात: सगळं चालतंय असं दिसतं आणि आठ दिवसांनी फोन येतो. आपण घाबरतो ते ओरडणाऱ्यांना. खरं तर पान पांढरं पडलं तर सुटलो म्हणावं, निदान कुठे बघायचं ते कळतं. या लेखात उदाहरणं मुख्यतः जेक्वेरीची घेतली आहेत. ती मला नीट माहीत आहे आणि आजही असंख्य जुन्या साइट्स तिच्यावर उभ्या आहेत. पण शोधायची रीत रिॲक्टला लागू आहे तशीच एखाद्या चार्टच्या लायब्ररीलाही.

चालते आहे ती कोणती आवृत्ती?

हा प्रश्न विचारला की लोकांना अपमान वाटतो. "अहो, पॅकेज फाइलमध्ये लिहिलंय की!" पॅकेज फाइलमध्ये लिहिलेली असते ती तुमची इच्छा. ब्राउझरमध्ये प्रत्यक्ष काय चाललंय ते ब्राउझरलाच विचारावं लागतं. पान उघडा, कन्सोलमध्ये 'जेक्वेरी डॉट एफएन डॉट जेक्वेरी' टाइप करा, आवृत्तीचा आकडा समोर येईल. बहुतेक लायब्ऱ्यांमध्ये 'व्हर्जन' नावाचं असं काहीतरी असतं. तिथे जुनाच आकडा दिसला तर तुमचा बिघाड अपग्रेडचा नाहीच. अपग्रेड अजून पोचलेलं नाही, आणि नव्या आवृत्तीसाठी बदललेला तुमचा कोड जुन्या लायब्ररीवर धावतो आहे.

न पोचण्याची कारणं नेहमीचीच. ब्राउझरची कॅश असते. डेव्हलपर टूल्सच्या नेटवर्क टॅबमध्ये 'डिसेबल कॅश'वर टिक करा आणि ती खिडकी उघडी ठेवूनच पान रिफ्रेश करा, कारण टूल्स बंद केली की ती टिकही निरुपयोगी. साइटनं सर्व्हिस वर्कर बसवला असेल तर तो जुन्या फाइली स्वतःजवळ धरून बसतो. ॲप्लिकेशन टॅबमध्ये जाऊन त्याला अनरजिस्टर करावं लागतं. मध्ये सीडीएन असेल तर त्याची वेगळी साठवण. आणि बिल्ड करणाऱ्या साधनाचीही स्वतःची कॅश असते. व्हीट आपली कॅश नोड-मॉड्यूल्सच्या आतच एका लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवतं, ते फोल्डर उडवून पुन्हा चालू करून बघा.

त्याहून अवघड प्रकार म्हणजे दोन-दोन आवृत्त्या एकाच पानावर. थीमनं एक जेक्वेरी आणली, प्लगइननं दुसरी. प्लगइन पहिल्या प्रतीला चिकटलं आणि त्यानंतर दुसरी प्रत लोड होऊन तिनं डॉलरचं चिन्ह बळकावलं. आता तुमच्या डॉलरला ते प्लगइन माहीतच नाही, म्हणून 'इज नॉट अ फंक्शन' अशी एरर येते. मग आपण प्लगइनवाल्याला शिव्या घालतो. चोर सोडून संन्याशाला फाशी. नेटवर्क टॅबच्या गाळणीत लायब्ररीचं नाव टाका, फाइल दोनदा उतरते आहे का पाहा. एनपीएमवर असाल तर 'एनपीएम एलएस' पुढे लायब्ररीचं नाव लिहा. कोणत्या पॅकेजच्या पोटात कोणती आवृत्ती बसली आहे त्याचा वृक्ष दिसतो. ती तिथे का आली ते 'एनपीएम एक्सप्लेन' सांगतं.

लॉक फाइलचाही विषय इथेच संपवू. 'माझ्याकडे चालतं, सर्व्हरवर नाही' या तक्रारींमागे बऱ्याचदा हीच असते. पॅकेज फाइलमध्ये आवृत्तीच्या आधी टोपीचं चिन्ह असतं. त्याचा अर्थ 'डावीकडचा पहिला बिनशून्य आकडा बदलू नको, बाकी नवं चालेल'. म्हणजे १.२.३ ला टोपी घातली तर १.९ सुद्धा चालते, पण ०.२.३ ला घातली तर ०.३ चालत नाही. लॉक फाइल या मोकळिकीतून नेमकी एक आवृत्ती पक्की करते. ती गिटमध्ये ठेवलेली नसेल तर तुमच्या मशिनवर एक आणि सर्व्हरवर दुसरी आवृत्ती येऊ शकते. सर्व्हरवर 'एनपीएम इन्स्टॉल'ऐवजी 'एनपीएम सीआय' चालवा. ते आधीचं नोड-मॉड्यूल्स फोल्डर पुसून लॉक फाइलबरहुकूम बसवतं, आणि लॉक फाइल पॅकेज फाइलशी जुळत नसेल तर तिथेच थांबतं.

मागे जाऊन पाहा

नवी आवृत्ती चालते आहे याची खात्री झाली. आता जुनी परत बसवा. दुसरं काहीही बदलू नका, फक्त लायब्ररी. दोष गेला तर तो लायब्ररीच्या बदलातून आला हे सिद्ध झालं. दोष तसाच राहिला तर तो आधीपासून होता आणि तुमचं लक्ष आत्ता गेलं. दुसरी शक्यता लोकांना वाटते त्यापेक्षा पुष्कळ जास्त आहे, कारण अपग्रेडनंतर आपण पानाकडे जेवढ्या संशयानं बघतो तेवढं एरवी कधी बघत नाही.

हे करता यावं म्हणून अपग्रेडचा कमिट वेगळा हवा. 'जेक्वेरी बदलली, फूटर दुरुस्त केला, दोन रंग बदलले' असा एकच कमिट असेल तर मागे कुठे जाणार? माझ्या त्या अर्जाच्या पानाचा कमिट असाच खिचडी होता. कारण शोधायला वीस मिनिटं पुरली असती, गेली अख्खी दुपार.

झेप मोठी असेल तर ती अर्ध्यात तोडा. १.१२ वरून थेट ३.७ वर गेला आहात आणि काहीतरी बिघडलंय, तर ३.० लावून बघा. तिथेही बिघाड दिसला तर कारण ३.० मध्ये किंवा त्याआधी आहे. नाही दिसला तर ३.० आणि ३.७ च्या मध्ये. मग ३.५ लावून बघा. तीन-चार फेऱ्यांत नेमकी आवृत्ती हाती येते, आणि त्या एका आवृत्तीची टिपणं वाचायला दहा मिनिटं लागतात. आधीच्या सगळ्या आवृत्त्यांची वाचत बसलात तर रात्र. स्वतःच्या कोडमध्ये असाच शोध घ्यायला गिटची 'बायसेक्ट' आज्ञा आहे. 'एनपीएम डिफ' तर दोन आवृत्त्यांच्या प्रकाशित फाइलींमधला फरकच समोर मांडतं. तो फरक वाचायची भीती वाटते, पण नेमकी आवृत्ती सापडल्यावर तो बहुधा भीती वाटण्याइतका मोठा नसतो.

ओरडणारे

यांच्याबद्दल थोडक्यात. एररचा संदेश पूर्ण वाचा आणि त्याखालचा स्टॅक उलगडा. लायब्ररीच्या आतल्या ओळी सोडून तुमच्या फाइलीचं नाव पहिल्यांदा जिथे येतं तिथे जा. दाबून बारीक केलेल्या फाइलमुळे संदेशात 'ए', 'ई' अशी एकाक्षरी नावं येत असतील तर तपासापुरती न दाबलेली फाइल जोडा.

काही एरर इतक्या प्रसिद्ध आहेत की त्यांची तोंडओळख असलेली बरी. 'इंडेक्सऑफ इज नॉट अ फंक्शन' ही जेक्वेरी ३ ची खास. तुमच्या कोडमध्ये 'इंडेक्सऑफ' हा शब्दच नसतो, त्यामुळे माणूस चक्रावतो. कारण असं की खिडकी पूर्ण लोड झाल्यावर काही करायचं असेल तर आपण विंडोवर थेट 'लोड' बोलावून त्यात फंक्शन द्यायचो. ३.० मध्ये 'लोड'चा हा उपयोग काढून टाकला. त्याच नावाची दुसरी मेथड, सर्व्हरवरून एचटीएमएल आणणारी, तशीच राहिली. तुमचं फंक्शन तिच्या हाती पडतं, ती त्याला पत्ता समजून त्यात मोकळी जागा शोधू लागते आणि कोसळते. उपाय सोपा: 'ऑन' वापरा आणि घटनेचं नाव म्हणून 'लोड' द्या.

'लाइव्ह', '$ डॉट ब्राउझर' आणि दोन फंक्शन्स घेणारं 'टॉगल' ही मंडळी जानेवारी २०१३ मधल्या १.९ मध्येच गेली. 'साइज' ३.० मध्ये गेलं, त्याच्या जागी 'लेंग्थ'. एजॅक्सच्या विनंतीला साखळीत जोडायचे 'सक्सेस', 'एरर', 'कम्प्लीट' हेही ३.० मध्ये गेले, त्यांच्या जागी 'डन', 'फेल', 'ऑलवेज'. पर्यायांच्या ऑब्जेक्टमध्ये दिलेलं 'सक्सेस' मात्र चालतं. तेही उगाच बदलत बसणारे लोक मी पाहिले आहेत.

आणि एक सिलेक्टर. हॅश असलेल्या दुव्यावर टिचकी मारली की पान हळुवार सरकावं यासाठीचा एक तुकडा एके काळी घराघरांत पोचला होता. त्यात चौकटी कंसातला हॅश अवतरणाशिवाय लिहिलेला असे. जानेवारी २०१६ मध्ये आलेल्या १.१२ आणि २.२ या आवृत्त्यांनी त्याला 'सिंटॅक्स एरर' म्हणायला सुरुवात केली. हॅशभोवती अवतरण चिन्हं घाला, काम झालं. गंमत एवढीच की पहिला आकडा न बदलताही इथे साइट्स मोडल्या.

इथे एक उपकरण सांगायलाच हवं: जेक्वेरी मायग्रेट. ही लायब्ररी काढून टाकलेल्या बऱ्याच गोष्टी तात्पुरत्या परत आणते आणि तुमचा कोड त्यांना हात लावतो तेव्हा कन्सोलमध्ये 'जेक्यूमायग्रेट' असा इशारा देते. दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, इशारे न दाबलेल्या फाइलमध्येच दिसतात. दाबलेली प्रत गप्प राहून काम करते. दोन, १.९ च्या आधीच्या कोडसाठी मायग्रेट १ आणि ३ वर जाण्यासाठी मायग्रेट ३, अशा दोन पायऱ्या आहेत. पहिली गाळून दुसरीवर उडी मारली तर पाय मुरगळतो. मायग्रेट ही कुबडी आहे हे वर्डप्रेसनं सगळ्यांना दाखवून दिलं. ऑगस्ट २०२० च्या ५.५ आवृत्तीत त्यांनी जुनं मायग्रेट काढलं आणि जुन्या थीम-प्लगइनवरच्या साइट्स धडाधड बिघडल्या. कुबडी परत देणारं एक प्लगइन त्यांना काढावं लागलं. डिसेंबरमधल्या ५.६ मध्ये जेक्वेरी ३.५.१ आली आणि सोबत नवं मायग्रेट. ज्यांनी मधल्या चार महिन्यांत इशारे वाचून कोड दुरुस्त केला त्यांना डिसेंबर जाणवलाही नाही.

मुके

इथे मायग्रेटवर भिस्त ठेवू नका, ते सगळं पकडत नाही. कन्सोलचा तर काही उपयोगच नाही. उपयोग आहे अपग्रेड गाइडचा. चेंजलॉग आणि अपग्रेड गाइड यांत फरक आहे. चेंजलॉग म्हणजे बदलांची जंत्री. गाइडमध्ये 'पूर्वी असं व्हायचं, आता असं होतं, म्हणून तुम्ही हे करा' असं लिहिलेलं असतं. गाइड समोर ठेवा आणि त्यातली प्रत्येक मेथड स्वतःच्या कोडमध्ये एडिटरच्या शोधखिडकीतून शोधा. वाचून लक्षात ठेवायचा प्रयत्न करू नका. शोधा. माझ्या 'व्हॅल'चा बदल त्या गाइडमध्ये स्पष्ट लिहिलेला होता, मी तो वाचलाही होता, आणि 'आपल्याकडे अशी यादी कुठे आहे' म्हणून पुढे गेलो होतो.

३.० मधले मला महागात पडलेले, किंवा शेजारच्या टेबलावर महागात पडताना पाहिलेले काही बदल सांगतो.

'रिमूव्हॲटर' वापरून 'चेक्ड' काढलं की पूर्वी टिकही निघायची, कारण जेक्वेरी आतून प्रॉपर्टीही 'फॉल्स' करायची. ३.० पासून ती फक्त ॲट्रिब्यूट काढते. माणसानं एकदा हातानं टिक केली असेल तर 'सगळं पुसा' बटण दाबूनही ती तशीच राहते. पान नुकतंच उघडलेलं असताना मात्र बटण बरोबर चालतं, म्हणून तपासणाऱ्याला दोष सापडत नाही. उपाय: 'प्रॉप' वापरून 'चेक्ड'ला 'फॉल्स' द्या.

'रेडी' आता नेहमी उशिरा चालतं. पान आधीच तयार असेल तर पूर्वी तुम्ही दिलेलं फंक्शन तिथल्या तिथे चालायचं आणि पुढच्या ओळीला त्यानं भरलेलं व्हेरिएबल मिळायचं. आता पुढची ओळ आधी धावते. याचं लक्षण विचित्र असतं: कधी चालतं, कधी नाही, आणि डीबगर लावला की हमखास चालतं. 'कधी कधी' हा शब्द तक्रारीत दिसला की क्रम बदलला असावा असा पहिला संशय घ्या.

'विड्थ' आणि 'हाइट' आता अपूर्णांक देऊ शकतात. ३३३ च्या जागी ३३३.३२८ आले की 'बरोबर आहे का' अशी तुलना कधीच जुळत नाही. तीन खणांची बेरीज डब्यापेक्षा केसभर जास्त होते आणि तिसरा खण खाली घसरतो. सहकारी दोन दिवस सीएसएसमध्ये डोकं घालून बसला होता. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

सर्वांत घातक बदल मात्र 'डिफर्ड'चा, आणि तो चांगल्यासाठीच केलेला आहे. 'देन'मध्ये दिलेल्या कॉलबॅकमधून एक्सेप्शन फेकलं गेलं तर पूर्वी ते वर जाऊन कन्सोल लाल करायचं. ३.० पासून, प्रॉमिसच्या प्रमाण रीतीप्रमाणे, त्याचं रूपांतर नकारात होतं. पुढे 'कॅच' किंवा 'फेल' जोडलेलं नसेल तर नकार ऐकणारं कुणी नाही. टाइपएरर, रेफरन्सएरर अशा कोडच्या चुकांसाठी जेक्वेरी कन्सोलमध्ये इशारा देते; पण तुम्ही स्वतः 'एरर' बनवून फेकली असेल तर तीही शांत. सर्व्हरकडून उत्तर आलेलं असतं, नेटवर्क टॅबमध्ये २०० दिसतं आणि पडद्यावर काही उमटत नाही, तेव्हा इथे बघा. तपासापुरतं डेव्हलपर टूल्समध्ये 'पॉज ऑन कॉट एक्सेप्शन्स' चालू करा. गिळलेली चूक जिथे गिळली गेली तिथेच गाडी थांबते.

मधला आकडा बदलला म्हणून निर्धास्त राहू नये याचं उदाहरण एप्रिल २०२० ची ३.५.०. स्क्रिप्ट घुसवण्याला वाट देणारी एक भेग बुजवण्यासाठी जेक्वेरीनं एचटीएमएलच्या स्ट्रिंगला आधी हात लावून 'सुधारणं' बंद केलं. पूर्वी स्वतःत बंद होणारा 'डिव्ह' आणि त्यामागे तसाच 'स्पॅन' लिहिला तर ती त्यांना दोन सुट्या जोड्या करून द्यायची. आता ब्राउझर आपल्या नियमानं वाचतो. त्याच्या लेखी असा 'डिव्ह' बंद झालेलाच नसतो, म्हणून 'स्पॅन' त्याच्या पोटात जातो. पानाची रचना घरंगळते, एरर शून्य. एकटा 'डिव्ह' असेल तर काही होत नाही, म्हणून दोष दहांतल्या एखाद्याच ठिकाणी दिसतो. आकड्यांचे नियम हे लेखकानं दिलेलं वचन आहे. सुरक्षिततेपुढे ते मोडावं लागतं, आणि मोडलं ते बरंच केलं असं माझं मत आहे. पण साइट तुमची मोडते.

रिॲक्टवाल्यांसाठी एवढंच. मार्च २०२२ मधल्या १८ व्या आवृत्तीपासून स्ट्रिक्ट मोडमध्ये, फक्त डेव्हलपमेंटला, प्रत्येक कंपोनंट बसवून, काढून, पुन्हा बसवला जातो, म्हणून 'यूजइफेक्ट' दोनदा चालतो. विनंती दोनदा जाते म्हणून स्ट्रिक्ट मोड काढून टाकायचा सल्ला मिळेल. घेऊ नका. तुमच्या इफेक्टनं स्वतःमागची आवराआवर केलेली नाही एवढंच तो दाखवतो आहे. आणि नव्या गोष्टी लागूच झालेल्या दिसत नसतील तर 'क्रिएटरूट' वापरलं आहे का ते बघा. जुन्या 'रेंडर'नं चालवलं तर १८ सुद्धा १७ सारखीच वागते.

आकडे मराठीत आले तेव्हा

हे उदाहरण लायब्ररीचं नाही, खालच्या जमिनीचं आहे. पण मराठी साइट बनवणाऱ्यांना ते हमखास भेटतं. नोडच्या १२ व्या आवृत्तीपर्यंतच्या नेहमीच्या बांधणीत भाषांची माहिती फक्त इंग्रजीपुरती असायची. रक्कम मराठी पद्धतीनं छापायला सांगितली तरी ती इंग्रजी आकड्यांत आणि इंग्रजी स्वल्पविरामांनी यायची. ऑक्टोबर २०१९ मध्ये १३ वी आवृत्ती सगळ्या भाषांची माहिती घेऊन आली. तोच कोड आता '१,२३,४५६' असं देवनागरीत छापू लागला. पावतीवर छान दिसतं. पण तीच स्ट्रिंग पुढे कुणी परत संख्येत बदलत असेल तर खेळ खलास: जावास्क्रिप्टचं 'नंबर' देवनागरी आकडे ओळखत नाही, उत्तर 'नॅन'. रेग्युलर एक्स्प्रेशनमधला अंकांचा 'डी' सुद्धा फक्त इंग्रजी अंकच धरतो. भाषेच्या नावाला जोडून लॅटिन अंकपद्धती मागता येते, तीन-तीन आकडी ढीग न होता लाख-कोटींचे स्वल्पविराम मिळतात आणि अंक इंग्रजी राहतात. त्याहून बरं म्हणजे दाखवायची स्ट्रिंग हिशेबात वापरूच नका.

याच घराण्यातला दुसरा किस्सा जानेवारी २०२३ मधल्या नोड १८.१३ चा. तिथे भाषांची माहिती नवी झाली आणि अमेरिकी इंग्रजीत वेळ छापताना 'एएम-पीएम'च्या आधीची साधी मोकळी जागा जाऊन तिथे न तुटणारी अरुंद जागा आली. डोळ्यांना दोन्ही स्ट्रिंग सारख्याच दिसतात. टेस्ट म्हणते, अपेक्षित '९:३० पीएम', मिळालं '९:३० पीएम', नापास! अशा वेळी स्ट्रिंगमधल्या एकेका अक्षराचा कोड छापून बघा. '३२' च्या जागी '८२३९' दिसला की सुटलात.

मदत मागताना

दोन तास झाले, काही लागत नाही. आता पान कापायला लागा. प्रकल्पाची प्रत काढा आणि तिच्यातलं अर्धं काढून टाका. दोष राहिला? आणखी अर्धं काढा. गेला? काढलेलं परत घाला आणि दुसरं अर्धं काढा. शेवटी एक एचटीएमएल फाइल, लायब्ररीची जोडणी आणि दहा-पंधरा ओळी उरतात. माझ्या अनुभवात निम्म्या वेळा कापता कापताच कारण सापडतं आणि कुणाला विचारायची गरज पडत नाही.

विचारावं लागलंच तर त्या पंधरा ओळी द्या, आधीची आणि नंतरची आवृत्ती द्या, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं ते प्रत्येकी एका वाक्यात लिहा. ब्राउझरचं नावही द्या. 'अपग्रेडनंतर सगळं बिघडलं, अर्जंट' एवढ्यावर लायब्ररी सांभाळणाऱ्या, बहुधा फुकट काम करणाऱ्या माणसानं काय करावं?

दुरुस्तीला वेळ लागणार असेल तर जुन्या आवृत्तीवर परत जाण्यात लाज नाही. टोपी काढून नेमका आकडा लिहा. दुसऱ्याच पॅकेजच्या पोटातून आलेली आवृत्ती पक्की करायची असेल तर एनपीएममध्ये 'ओव्हरराइड्स' आणि यार्नमध्ये 'रिझोल्यूशन्स' आहेत. पण परत का गेलो आणि कधी पुन्हा प्रयत्न करणार ते कामांच्या यादीत तारखेसकट लिहून ठेवा. ३.५.० सारखी दुरुस्ती सुरक्षिततेची असते तेव्हा जुन्यावर राहणं म्हणजे दार उघडं टाकून झोपणं. आणि तपासणी फक्त ब्राउझरवर सोडायची नाही, सर्व्हरवरही ठेवायची, हे मला माहीत असूनही मी त्या अर्जात केलेलं नव्हतं. ते केलं असतं तर बिघाड मुका राहिलाच नसता.

त्या चाळीस जणांना कार्यालयातल्या बाईंनी एकेक फोन लावून विषय विचारले. दोन दिवस गेले त्यांचे. तुमच्याकडे जेक्वेरी ३ वर चढवलेला एखादा जुना फॉर्म असेल तर आत्ताच त्याच्या कोडमध्ये 'मल्टिपल' हा शब्द शोधा, आणि त्या यादीची 'व्हॅल' कुठे तपासली आहे ते बघून तिथे लांबी मोजा.